लेडीफिशच्या माणसांचं पान

ते फडकं नाही. रितेशने परवा जेवताना सुनेच्या भावासमोर "आई ते फडकं अजून जपून ठेवते" असं म्हटलं आणि सगळे हसले, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिते. तो लेडीफिश नावाच्या अमेरिकन पाणबुडीचा लढाईचा झेंडा आहे. मी हाताने शिवलाय. त्यावर हसायचा हक्क फक्त त्यालाच, ज्याचा बाप त्या पाणबुडीत होता. तो हसतोही, पण एकाच जागी. ते पुढे येईल.

आमच्या बिल्डिंगमधल्या सुनंदाताई म्हणतात, मृत्युपत्र असं सुरू होत नाही. बरं. तर मी द्वारका चंद्रहास तांडेल, वय त्रेपन्न, मूळ गाव नवाबाग, तालुका वेंगुर्ले, जिल्हा सिंधुदुर्ग, हल्ली राहणार सालमिया, कुवेत, काम घरकाम आणि स्वयंपाक, शिक्षण चौथी, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, मी कोणाच्या दाबाखाली नाही, आणि मला दाबून कोणी काही लिहून घेईल असा माणूस अजून जन्माला यायचाय. गुरुवारी, अठरा सप्टेंबरला, माझ्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई म्हणते, काही होत नाही. मीही तेच म्हणते. तरी कागद केलेला बरा.

कलम एक. नवाबागचं घर, मागच्या दोन माडांसकट, माझा मुलगा रितेश, हल्ली इथेच कुवेतला नोकरीला, याला. पडवीत नणंद अंजू हिने जाळी ठेवलीत, ती तिने काढावीत. "वैनी, आठ दिवसांसाठी ठेवतंय" म्हणाली होती. त्या आठ दिवसांत रितेशचं लग्न होऊन त्याची मुलगी शाळेत गेली.

कलम दोन. बँकेत जे असेल त्यातून आधी माझा खर्च भागवावा, उरेल ते रितेशला. बांगड्या नात अक्षरा हिला. खोबरं कातायची आडाळी सून श्वेता हिला. ती मिक्सरवाली आहे, मला ठाऊक आहे. तरी तिलाच. कधीतरी वीज जाईल.

कलम तीन. माझ्या अंगावर कोणाचं देणं नाही. राग आहेत दोन-तीन. अंजूचा वर लिहिला. बाकीचे सोडून देते.

कलम चार. झेंडा. इथे वेळ लागेल.

मी नॅन्सी मॅडमकडे कामाला आहे. त्या इथल्या शाळेत शिकवतात. त्यांचे वडील वॉल्टर, वय ऐंशी, त्यांच्यापाशीच असतात. मी त्यांना बाबा म्हणते, ते मला चीफ म्हणतात. पाणबुडीवर खलाशांचा मुकादम असा एक चीफ असतो, तो सगळ्यांवर ओरडतो, म्हणून. बाबांचे वडील लेडीफिशवर स्वयंपाकी होते. जपानशी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. मी मासे साफ करायला बसले की बाबा खुर्ची ओढून स्वयंपाकघरात यायचे आणि एकेक गस्त सांगायचे. निम्मं हिंदी, निम्मं इंग्लिश, उरलेलं हाताने.

पहिल्या गस्तीत टॉरपीडो जपानी बोटीवर नेमका जाऊन आदळला आणि फुटलाच नाही. ठण्ण वाजला, बुडाला. कप्तानाने टोपी फेकली म्हणे. दुसऱ्या गस्तीत दोन मालबोटी बुडवल्या. तिसऱ्या गस्तीत जपान्यांनी वरून बाँब टाकून त्यांना तळाशी दाबून धरलं. पंखे बंद, पंप बंद, बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही. बाबांच्या बापाने अनवाणी फिरून प्रत्येकाच्या हातात थंड पाव-मांस दिलं. चौथ्या गस्तीत समुद्रात पडलेले अमेरिकन वैमानिक उचलायचं काम होतं. तिघे मिळाले. त्यांना त्याने सूप पाजलं आणि ताजा पाव दिला. दिवसा पाण्याखाली भट्टी लावता येत नसे, म्हणून तो रात्री वर आल्यावर पाव भाजायचा. पाचव्या गस्तीला गेले ते आलेच नाहीत. तेव्हा बाबा आईच्या पोटात होते; हे सगळं त्यांना आईने सांगितलेलं.

असा झेंडा प्रत्येक पाणबुडी स्वतःचा शिवायची. मधे बोटीचं चित्र आणि बुडवलेल्या प्रत्येक जहाजामागे एक छोटं जपानी निशाण. लेडीफिशचा झेंडा लेडीफिशबरोबर गेला. म्हणून मी नवा शिवला. लाल गोल माझ्या जुन्या ब्लाउजचे आहेत. ही अमेरिकन माणसं पाणबुड्यांना माशांची नावं ठेवत. लेडीफिश म्हणजे आमची मुडदुशी, हे वेंगुर्ल्याच्या बाजारात कोणीही सांगेल. मी मधोमध छान मुडदुशी भरली, चंदेरी दोऱ्याने. पूर्ण झाल्यावर बाबांनी चष्मा लावला आणि खो खो हसत सुटले.

"चीफ, हा मासा चुकला. आमची लेडीफिश वेगळी. मोठी असते."

मी म्हटलं, "आधी सांगायचं होतं! उसवू?"

"हा काय करतो?"

"जाळं आलं की वाळूत घुसून बसतो. वरून जाळं जातं, हा खाली."

बाबा हसायचे थांबले. "मग राहू दे," म्हणाले. अजून झेंड्याकडे बघितलं की आधी मासा बघून हसतात.

तर हा झेंडा बाबा आहेत तोवर बाबांच्या खोलीत. त्यांनी तो मला देऊन टाकलाय, नॅन्सी मॅडमसमोर. बाबांच्या मागे तो अक्षराला. तिला नको असेल तर वेंगुर्ल्याच्या समुद्रात सोडावा. पुसायला घेऊ नये.

कलम पाच. पान. मृत्युपत्र ह्याच्यासाठीच केलंय.

एकदा बाबांना विचारलं, वडिलांची तिथी कधी असते? त्यांना कळेना. मग म्हणाले, तारीख नाही. नेव्हीने कळवलं, परत यायची वेळ टळली, बुडाली असं धरून चालू. एक वर्ष वाट बघून सरकारने एक तारीख दिली, ती कागदाची तारीख. आई त्या दिवशी दिवसभर गप्प असायची, एवढंच.

मी सहा वर्षांची असताना माझा बाबा वादळात बोटीसकट गेला. त्यालाही तारीख नाही. माझी आई म्हणायची, "तारीख नाय म्हणान काय उपाशी ठेवूचो?" ज्याची तिथी माहीत नाही त्याचं पान सर्वपित्रीला. एवढं सोपं आहे. इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही त्या माणसाला!

तेव्हापासून दर सर्वपित्रीला सालमियाच्या समुद्रावर आम्ही पान ठेवतो. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भात, खीर. माझ्या बाबासाठी आणि लेडीफिशच्या सगळ्या माणसांसाठी. शेजारी काळी कॉफी आणि दालचिनीचा पाव, कारण बाबांचा बाप तो करायचा. आणखी एक छोटं पान बुडालेल्या जपानी बोटींवरच्या माणसांचं. त्यावर बाबा पहिल्या वर्षी चिडले. "चीफ, ते एनिमी होते." मी म्हटलं, "मेल्यावर कसला एनिमी? भूक तर लागते ना?" पुढच्या वर्षी त्या पानावरचा भात त्यांनीच वाढला.

पहिल्या वर्षी कावळा येईना. मी काव काव करून दमले. आमच्या बिल्डिंगचा हारिस, म्हणजे राखणदार, नूरुद्दीन सोबत होता, तो म्हणाला, "दीदी, उन्हात माणूस फिरत नाही, कावळा कशाला येईल?" एवढ्यात एक पांढरा कुरव उतरला आणि दालचिनीचा पाव उचलून पाण्याकडे गेला. बाबा खुर्चीतून उठले आणि त्या पक्ष्याला त्यांनी सलाम ठोकला. मी मनात म्हटलं, दर्यावरच्या माणसांना दर्यावरचाच पक्षी शिवणार. तेव्हापासून कावळ्याची वाट बघत नाही.

यंदा सर्वपित्री रविवारी, एकवीस तारखेला. मी त्या दिवशी हॉस्पिटलात. नॅन्सी मॅडमची शाळा, इथे रविवार कामाचा. बाबांना एकट्याने रस्ता ओलांडता येत नाही आणि ते रोज विचारतात, "चीफ, यंदा वडे किती?" म्हणून रितेशला सांगितलं, तू जा.

तो म्हणाला, "रविवारी ऑफिस आहे. आणि ते आपले कोण?" मग म्हणाला, "माझ्या बारावीक तू खय होतंस? ह्या म्हाताऱ्याच्या मेलेल्या बापाक जेवण घालतंस."

बोललास ते बरं झालं. घशात ठेवून माणूस आंबतो. मी कुठे होते ते तुला ठाऊक आहे. तुझे वडील वारल्यावर इथे लोकांच्या घरात होते, आणि तुझ्या फीचे पैसे येत होते. पण तू दहा वर्षांचा असल्यापासून आत्याच्या पडवीत बसून विमानांकडे बघायचास, हे अंजूनेच मला सांगितलं. वाट बघणं तुला माझ्याइतकंच कळतं. त्या म्हाताऱ्यालाही तेवढंच कळतं. म्हणून तुलाच सांगते, दुसऱ्या कोणाला नाही.

सुनंदाताई म्हणाल्या, घर देताना पान ठेवायची अट घाला. मी नाही घातली. घर तुझंच, तू जा की नको जाऊ. अटीवर वाढलेलं पान कोणाला पोचत नाही.

जायचंच असेल तर: वडे श्वेता करील, पीठ माझ्या डब्यात आहे. केळीची पानं कोपऱ्यावरच्या बकाल्यात, त्या किराणा दुकानात मिळतात, आदल्या दिवशी सांगून ठेव. कॉफीत साखर नको. कुरवाने खाल्लं की पानं उचलून आण, नाहीतर बलदियावाले, म्हणजे इथले म्युन्सिपाल्टीवाले, दंड करतील. आणि बाबा सलाम करतील तेव्हा फोनमध्ये बघू नकोस.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये म्हणतात, म्हणून साक्षीदारांना लोणच्याची एकेक बरणी आजच हातात दिली.

सही: द्वारका चं. तांडेल
साक्षीदार: १. सुनंदा नंदकुमार देवधर, सालमिया. २. नूरुद्दीन, हारिस, हीच बिल्डिंग.
सालमिया, कुवेत. गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५.

सहीखाली चार बोटं जागा सोडली आहे, ती रितेशची. मंगळवारी, सोळा तारखेला, दिवेलागणीच्या आत इथे येऊन स्वतःच्या हाताने "जातो" किंवा "नाही जात" लिही. "बघू" लिहायचं नाही. बुधवारी मला हॉस्पिटलात भरती करतात, आणि त्याआधी मला बाबांना सांगायचंय, वडे किती.