चौथीच्या वर्गात चिमी

९ जुलै १९७३, सोमवार
निबंध परत मिळाला. डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाचा पहिलाच निबंध, "मी शिक्षिका का होणार?" चांगली चार पानं भरली होती. दिवा, ज्योत, राष्ट्राचा पाया, काही म्हणता काही सोडलं नव्हतं. हेडाऊ सरांनी खाली लाल शाईत एवढंच लिहिलं: "हे पुस्तकात आहे. तुझं लिही."
व्हरांड्यात गाठून विचारलं, सर, चूक काय झाली? म्हणाले, "चूक नाही शकुन. पण वर्गातल्या साऱ्या पोरींनी हाच दिवा लावला. तू काहून मास्तरीण होऊन राहिली, ते मले काही समजलं नाही."
सायकलवरून घरी येईपर्यंत विचार केला. मलाही सांगता आलं नसतं.

१३ जुलै
दोनदा लिहून फाडलं. आज लिहिलंच.
तिसरीत होते तेव्हा आई विड्यांच्या कारखान्यात जायला लागली. मोरू सहा महिन्यांचा. त्याला कोण पाहणार? मी. शाळेतून नाव गेलं. पण घरी करमत नव्हतं, म्हणून मोरूला कडेवर घेऊन शाळेच्या मागच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहायची. एकोणीसचा पाढा मी खिडकीबाहेर पाठ केला. मोरू रडला की गुरुजी खिडकीकडे बघत. मी खाली बसायची. तो गप्प झाला की पुन्हा उभी. गुरुजी वाईट नव्हते. रागावले नाहीत, हाकललं नाही. पुन्हा नाव लागेपर्यंत, वर्षभर रोज बघितलं मला. "आत ये" तेवढं कधी म्हणाले नाहीत.
बस. एवढंच लिहिलं. दीड पान.

१६ जुलै
हेडाऊ सरांनी वही दिली. गुण नाहीत, शेरा नाही. तोंडी म्हणाले, "जपून ठेव हे." मोरूला वाचायला दिलं. तो आता सातवीत. वाचून म्हणाला, "मी एवढा रडत होतो काय वं?" अन् खेळायला पळाला.

३ डिसेंबर, सोमवार
सरावपाठ सुरू. मला पाचपावलीकडची शाळा, चौथीचा वर्ग. वर्गाच्या बाई ढोबळेबाई, वीस वर्षं शिकवून राहिल्या. आवाज असा की खडू हातातून पडावा. हजेरी मला घ्यायला लावली. पटावर एकेचाळीस, बसलेले एकोणतीस.
"रंजना गजभिये." कोणीच नाही. पुन्हा म्हटलं. ढो. बाई वहीतून मान न काढता बोलल्या, "तिच्यावर तोंड नका दुखवू. या महिन्याअखेर नाव कापायचंच आहे."
का येत नाही, विचारलं. "घरी लहान बहीण आहे. अशा पाच-सहा आहेत. कोणाकोणाच्या घरी जाता?"
पाठ बरा झाला म्हणे. मला काही आठवत नाही.

५ डिसेंबर
शाळा सुटल्यावर रंजनाच्या घरी गेले. कौलारू खोली, दारात ती उभी, कडेवर अकरा महिन्यांची पोरगी. तिचं नाव चिमी. मी म्हटलं, मी चौथीची नवी बाई. रंजनानं चिमीला दुसऱ्या कडेवर घेतलं अन् पहिलाच प्रश्न केला, "बाई, भागाकार कुठवर आला?"
म्हटलं, दोन अंकी. म्हणाली, "मग मले एक अंकी येते."
आई सहाला आली. धंतोलीतल्या एका दवाखान्यात फरशी पुसायचं काम, सकाळी सातला जावं लागतं. नवरा कोळशाच्या खाणीकडे, महिन्यातून एकदा येतो. जयभीम झाला, चहा झाला. मी शाळेचा विषय काढला तशी ती म्हणाली, "मले नाई वाटत का बाई, इनं शिकावं? पण लेकराले कोठी ठेवू? दवाखान्यात नेऊ काय?"
मी म्हणून बसले, "शाळेत पाठवा. दोघींनाही."
ती माझ्याकडे पाहतच राहिली. "तुमी विचारलं काय तिथं?"
नाही विचारलं. उद्या विचारते म्हटलं.

७ डिसेंबर
काल मोठ्या गुरुजींना विचारायला तीनदा ऑफिसच्या दारापर्यंत गेले. तिन्ही वेळा परत. आज सकाळी रंजनाच चिमीला घेऊन हजर, तेल लावून, वेणी घालून. आता विचारणं भागच.
मोठे गुरुजी चष्मा काढून म्हणाले, "शिकाऊ बाई, तुम्ही दोन-अडीच महिन्यांच्या पाहुण्या. तुम्ही गेल्यावर हे कोण निस्तरणार?" म्हटलं, "सर, पोरगी भागाकार विचारून राहिली."
त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "रडण्यापायी एक तास जरी बुडाला, तरी त्याच दिवशी बंद. नावही कापलं जाईल."
वर्गात आले. हजेरी. रंजना गजभिये. "हजर." चिमी आपली फळ्याकडे टकमक बघत होती.

१० डिसेंबर
चिमीनं खडू खाल्ला. अर्धा. ढो. बाई: "ही शाळा आहे का बालवाडी?" रंजनानं बोट घालून काढला. तास नाही बुडाला.

१२ डि.
झोपली. पूर्ण गणिताचा तास. कोपऱ्यात माझी शाल अंथरली होती. वर्गातली पोरं आपोआप हळू बोलून राहिली. सगळ्या शाळेत आमचा वर्ग शांत. गंमतच.

१४ डिसेंबर, शुक्र.
ज्याची भीती होती ते. पोरीपोरींत बातमी गेली. सुमन तिच्या भावाला घेऊन आली, लता बहिणीला, विमल दीड वर्षाच्या दोघांना, जुळे. आता पाच लेकरं. हजर सदतीस. मोठे गुरुजी दारातून लेकरं मोजून गेले.
मधल्या सुटीनंतर बघते तर ढो. बाई स्टुलावर चढलेल्या. घरून जुनं लुगडं आणलं होतं, खिडकीच्या गजाला झोळी बांधून राहिल्या. मी बघतेय दिसल्यावर म्हणाल्या, "काय बघता? गाठ धरा खालून."

९ जानेवारी १९७४, बुध
वाईट दिवस. लिहूच नये वाटतं.
मी फळ्यावर लिहीत होते. चिमी बाकाला धरून उभी राहिली, हात सुटला, कपाळावर पडली. टेंगूळ आलं, मोठं. असा आकांत केला की शेजारचे वर्ग उठून आले. तास बुडाला. शाळाच बुडाली म्हणायची.
मोठे गुरुजी आले. ओरडले नाहीत. "मी सांगितलं होतं. उद्यापासून एकही लेकरू नको." खरंच होतं त्यांचं. डोळा गेला असता तर? माझं लक्ष नव्हतं. मी फळ्यावर सुंदर अक्षर काढण्यात गुंग होते.
सायंकाळी रंजनाच्या आईकडे माफी मागायला गेले. ती चिमीचं कपाळ बघून चुलीकडे वळली. परत आले.

१० जाने.
मी ऑफिसात मोठ्या गुरुजींसमोर उभी होते, त्या चार पोरींची नावं निदान पटावर ठेवा म्हणून. तेवढ्यात रंजनाची आई आली. दवाखान्यातून सुटी मागून. कडेवर चिमी, मागे रंजना.
म्हणाली, "गुरुजी, पोरगी माझी पडली. मी काही बोलून नाई राहिली. तुमी काहून बोलता?"
गुरुजी म्हणाले, "बाई, उद्या जास्त लागलं तर तुम्हीच येणार भांडायला."
"नाई येणार. घरी काय पडत नाई ते? परवा चुलीपाशी गेली होती. तिथं पाहाले कोणी नव्हतं. इथं चाळीस जण हाय."
गुरुजी खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, संपलं. पण शाळेची शिपाई पार्वताबाई दारात उभी होती, ती आत आली. "नकाशाची खोली रिकामीच हाय ना गुरुजी. नकाशे भिंतीले लावून देऊ. मी पाहतो लेकराइले. घंटा द्याची तेवढी कोणी तरी देजा."
गुरुजी हसले. पहिल्यांदा पाहिलं त्यांना हसताना. म्हणाले, "घंटा मी देतो."
घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "मोरूले तेव्हा मी कारखान्यात नेलं असतं तर बरं झालं असतं काय वं?" मी म्हटलं, आई, तुझ्यावर नाही बोलून राहिली मी. जवळ जाऊन बसले तिच्या. तिनं माझी वेणी सोडली अन् पुन्हा घातली, लहानपणी घालायची तशी घट्ट.

२१ जाने.
नकाशाची खोली मस्त. पहिली घंटा मोठे गुरुजी खरंच स्वतः देतात. हजर चाळीस. एकाला गोवर.
रंजना दोन अंकी भागाकार करते. काल चुकली, आज नाही.

१९ फेब्रुवारी, मंगळवार
अंतिम पाठ परीक्षा. गणित, अपूर्णांक, अर्धा आणि पाव. काटोलच्या मावशीनं पिशवीभर संत्री पाठवली होती, तीच साधन म्हणून नेली. योजना अशी: संत्र सोलायचं, दहा फोडी मोजायच्या, पाच-पाच, झाला अर्धा. वहीत नीट आखलं होतं.
बाहेरगावचे परीक्षक मागच्या बाकावर, शेजारी हेडाऊ सर. रंजनाला पुढे बोलावलं. तिनं सोललं, मोजलं, थांबली. "बाई, अकरा हाय."
मी परत मोजलं. अकराच. वही डोळ्यांसमोरून उडून गेली. एक क्षण वाटलं, दुसरं संत्र घ्यावं, कोणाला कळणार. पण चाळीस पोरं ते अकरा बघून राहिली होती. म्हटलं, "मग याचा अर्धा कसा करायचा? सांगा बरं."
गलका. कोणी म्हणे एक खाऊन टाका. रंजना हात वर करून उभी. "बाई, पाच इकडं, पाच तिकडं. अन् उरलेली मधातून चिरा. दोघाइले साडेपाच."
चिरली. मग दोघांत एक संत्र. कोणाचं नऊ, कोणाचं बारा, कोणाचं दहा. साडेचार, सहा, पाच. नऊचा पाव काढता काढता दोघांत भांडण, मग जमलं. वर्गभर वास. मी तर नुसती फिरत होते. पाठ पोरांनीच घेतला.
याच गडबडीत नकाशाच्या खोलीतून चिमी रांगत आली, थेट परीक्षकांच्या बाकापाशी. त्यांच्या हातातली फोड घेतली. पार्वताबाई दारात कपाळाला हात लावून. परीक्षकांनी विचारलं, "ही कोणत्या वर्गात?" रंजना म्हणाली, "कोणत्याच नाई सर. ते माझ्यासोबत येते, म्हणून मी येतो." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होते.
नंतर बाहेर मला एकच विचारलं, "फोडी अकरा निघतील, माहीत होतं?" म्हटलं, "नाही सर." "बरं झालं," म्हणाले अन् गेले.
बरं म्हणजे काय?

२८ फेब्रु.
शाळेतला शेवटचा दिवस. पोरींनी कागदी फुलं दिली. ढो. बाईंनी भाषण नाही केलं. म्हणाल्या, "झोळी मी काढणार नाही. तुम्ही जा, अभ्यास करा." दारापर्यंत आल्या. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, "वीस वर्षं हजेरी घेतली मी. कोणाच्या घरी नाही गेले." अन् आत गेल्या.

३० एप्रिल
निकाल ऐकायला शाळेत गेले. चौथीतली सगळी पोरं परीक्षेला बसली, एकेचाळीसच्या एकेचाळीस. एकाचंही नाव कापलं नाही. छत्तीस पास. रंजना वर्गात तिसरी. ढो. बाईंनी नाव वाचलं तेव्हा तिची आई मागे उभी होती, पदर तोंडाला. मग मला बघून पदर काढला अन् सरळ हसली.
चिमी आता चालते.

१० जून, सोम.
डी.एड. पास. पहिला वर्ग. पाठात कॉलेजात सर्वांत जास्त गुण. बाबा गिरणीतून परस्पर कॉलेजात जाऊन निकाल बघून आले, येताना आलूबोंडे. मोरूनं गल्लीत ओरडून सांगितलं. आईनं गुणपत्रिका हातात घेतली, उलटी. सरळ करून दिली. म्हणाली, "यात शकुन कुठं लिहिलं?" दाखवलं. बोट ठेवून राहिली.
हेडाऊ सर भेटले. म्हणाले, परीक्षकांनी अहवालात लिहिलंय, वर्गात एक तान्हं मूल होतं व त्यानं पाठात अडथळा आणला नाही. "असा अहवाल मी आजवर वाचला नाही," म्हणाले. एवढा आनंद की जेवण जाईना.

२४ जून, सोमवार
हे शाळेच्या बाकावर बसून लिहून राहिले. रंजनाची पाचवी दुसऱ्या शाळेत, मुलींच्या. इथल्या मोठ्या बाईंनी गुरुवारी रंजनाचा फॉर्म परत पाठवला होता. मूल आणायचं नाही, तसा नियम नाही म्हणे. माझी नेमणूक अजून आलेली नाही, म्हणजे मी इथं कोणीच नाही. शिकाऊसुद्धा नाही. तरी आले. सोबत मोठ्या गुरुजींची चिठ्ठी, ढो. बाईंचीही. ढो. बाईंनी दोन पानं लिहिली आहेत, मला वाचू दिली नाहीत.
रंजना शेजारी. नवा निळा फ्रॉक, आईनं जास्तीची रात्रपाळी करून शिवून घेतला. चिमी बाकाखालून मुंग्या बघते. रंजनानं विचारलं, "बाई, नाई म्हणलं तर?" म्हटलं, उद्या परत येऊ. "अन् उद्याबी नाई म्हणलं तर?" परवा.
शिपाई येऊन सांगून गेला, "मोठ्या बाईनं बलावलं. एकीनंच जा."
चिमी रंजनाच्या कडेवर चढली. वही ठेवते. तिघी जाऊन राहिलो.