सान पेद्रोच्या पायाशी वाहिलेला फोन

चिरंजीव विल्मेरला आजी फेलिसितासचे आशीर्वाद.

तुझं नाव विल्मेर, हे आधी सांगून ठेवते. तुझ्या डोक्याचा भरवसा नाही. तिकडे डोंगरात पुनोची थंडी सोसते ना? माझे गुडघे कुरकुरतात, जीभ ठणठणीत आहे. मी बोलतेय, शेजारची सोइला लिहितेय. (मास्तरीण आहे, माझं बोलणं सुधारायला बघते. हात आवर म्हटलंय.)

तू पाठवलेला नवा फोन पोचला. सुखरूप पोचला तर जुना आपल्या कोळ्यांच्या संताला, सान पेद्रोला वाहीन, असा नवस होता. तो फेडला. कोळ्यांच्या नवसाच्या चांदीच्या होड्या आणि मेणाचे पाय यांच्यामध्ये माझा फोन शोभतोही छान. मग घरी येऊन तुझ्या आजोबांचे निरोप लावायला गेले. एलिओदोरोने होडीवरून बोलून पाठवलेले, एक्केचाळीस. शेवटचा तर मी अजून ऐकलेलाच नाही. ऐकला की संपला, म्हणून तो गेल्यापासून चार वर्षं राखून ठेवलाय. तर नवा फोन म्हणे सहा आकडे सांगा. आकडे जुन्या फोनात, जुना फोन संताच्या पायाशी. आणि हे आकड्यांचं कुलूप तूच बसवलंस, पण निघताना सांगायचं विसरलास.

देवळाची किल्ली एर्मेलिंदाकडे. ती म्हणाली, "वाहिलेलं परत मागतेस? लाज आहे का, फेलिसितास?" मी म्हटलं, "बये, स्वर्गाच्या दाराची किल्ली संताकडे होतीच, आता माझ्या निरोपांच्या दाराचीही आहे. मी जाऊ कुठे?" शेवटी ठरलं, हात लावायचा, उचलायचा नाही. वायर ओढून फोन तिथेच चार्ज केला.

पोरा, मी भूकंप पाहिलेत, पण असं पाहिलं नव्हतं. ते आकडे जन्मतात, अर्धं मिनिट जगतात, मरतात, की लगेच दुसरे. आत रेंज नाही, तरी कुठल्याशा लांबच्या दाराला या घडीला कोणते आकडे चालतील, हे त्या फुटक्या फोनला ठाऊक. मी हात जोडले. संताला की फोनला, विचारू नकोस.

देवळाजवळ रेंज फक्त धक्क्यावर. म्हणून जाळी विणणाऱ्या आम्ही अकरा जणी वेदीपासून धक्क्यापर्यंत रांगेत उभ्या राहिलो. सोइला वाचणार, एकीने दुसरीला ओरडून सांगायचं, टोकाला रुफिना नव्या फोनात दाबणार. तीनदा आकडे वाटेतच मेले. (एकदा मधलीने स्वतःच्या आवडीचा सात घुसवला.) चौथ्यांदा दार उघडलं, पहिला निरोप लागला आणि धक्क्यावर एलिओदोरो खोकला. त्याचाच खोकला.

तुझी आजी,
फेलिसितास

ता. क. फोन पुन्हा कधीही आकडे मागेल म्हणतात. रांगेतल्या दोघींचे घसे बसलेत. तू स्वतः ये आणि ते आकडे नव्या फोनात आणून ठेव. एर्मेलिंदाशी तूच बोल.

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं, तेवढ्यात काल शेवटचा निरोप ऐकला. चांगली वेणी घालून, दार लावून बसले होते. माणूस म्हणतो, "फेली, डोंगरातले वाळवलेले काळे बटाटे संपले, रश्शाला चव नाही. विल्मेरला कळव." बस्स, एवढंच. तेव्हा येताना दोन किलो घेऊन ये, आणि यायला उशीर होणार असेल तर आधी बसने पाठव. बारीक बघून घे, मोठे त्याला आवडत नाहीत.