राखेतले वाल

२३ ऑक्टोबर १९८८

कापणी सुरू झाली एकदाची! कंबर मोडली, पण भात काय पिकलंय — लोंब्या नुसत्या ओणव्या झाल्यात. ह्यांचा गुडघा आजही धरला. बांधावर बसून मला हुकूम सोडत होते — 'बुडातून काप, बुडातून!' शेवटी विळाच पुढं केला, तेव्हा गप्प झाले.

सून बरी कापते. पुतळी पेणच्या खाडीकडची, मिठागरावर वाढलेली. वैशाखात घरात आली. शेतातलं तिला फारसं कळत नसेल, पण उन्हाला भीत नाही. दुपारी भाकरीसोबत सुका जवळा भाजला. सगळ्या शेतभर वास! मी नाक मुरडलं आणि दोनदा वाढून घेतला.

२८ ऑक्टोबर

गोविंदा पहिल्या शिफ्टवरून आला तो हसतच. रोह्याला लागून अष्टमी गाव, तिथं खोली बघितली म्हणे! भाऊबीज झाली की बायकोला घेऊन तिकडं. कंपनी जवळ, नळाला पाणी, सगळं छान. वर मलाच समजावतो — 'आय, यंदा वाल पेरू नको. बाबांचा गुडघा असा, पुतळी तिकडं, तू एकटी किती ओढशील? भात घरात आलं म्हंजे झालं.'

आणि ह्यांनी मान डोलावली! 'बी राखेत हाय. वरीसभर काय व्हत नाय त्याला. फुडल्या साली पेरू.'

पुढल्या साली! पुढल्या सालीही गुडघा हाच असणार आणि लेक अष्टमीतच असणार. आज वाल सुटला, उद्या भात सुटेल. माझ्या सासूनं जपलेलं बी आहे ते. गोडे वाल. ह्या घरात बिरडं शिजलं की शेजारणी वाट्या घेऊन येतात. गुडघा ह्यांचा, खोली लेकाची, आणि शेत काय माझं एकटीचं?

पुतळीला विचारलं, 'तुला जायचंय का गो?' तर खाली बघून म्हणाली, 'तुमचा लेक म्हनंल तसं.' म्हणजे जायचंच आहे. फार वाईट वाटलं. हे असं मोठ्यानं कुणाला सांगता येत नाही, म्हणून मागच्या दारी बसून तांब्याचा हंडा घासला. हंडा मात्र लखलखीत झाला.

३ नोव्हेंबर

पुतळीशी कामापुरतंच बोलते. तिच्या ते ध्यानातच येत नाही! दिवसभर बडबड, गाणी, माझ्या पायांना तेल. अशा माणसावर राग धरायचा तरी कसा!

९ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

करंज्या तेलात फुटल्या. दोष तेलाला दिला.

१० नोव्हेंबर

पाडवा — आणि शिमगा एकाच दिवशी! सकाळी रोह्याला बाजाराला गेले. उद्या भाऊबिजेला पुतळीचा बाप आणि भाऊ यायचे, म्हणून गूळ-खोबरं आणायला. परत येते तो ओटीवर माझं बियाण्याचं मडकं पालथं! घासूनपुसून स्वच्छ. आणि शेजारी पातेल्यात पाणी, पाण्यात वाल — टच्च फुगलेले.

पुतळी म्हणते, 'आय, समदे राखेनं माखलेले. म्हनलं सणाचं धुवून ठेवावं.'

किंचाळलेच मी. 'अगो, ती राख कीड लागू नये म्हणून असते! बी होतं ते, बी!' ती आपली डोळे मोठे करून उभी. हे तिच्याच बाजूचे — 'मिठागरावरची पोर, तिला काय ठावं?'

भिजलेलं बी काही वर्षभर राहत नाही. एक तर लगेच पेरा, नाहीतर बिरडं करून गावाला वाढा. खाल्लं की संपलं — सासूचं बी संपलं! आणि पेरायचं कुठं? शेतात भाताचे भारे अजून तसेच पडलेत.

जेवले नाही. पुतळीनं ताट झाकून ठेवलंय.

११ नोव्हेंबर, भाऊबीज

हात उचलवत नाहीत, पण लिहिल्याशिवाय झोपणार नाही!

काळुराम आणि कान्हू, बापलेक, पहिल्या गाडीनं आमच्या निडी स्टेशनात उतरले. चहा पिता पिता ह्यांनी वालांची कथा सांगितली. काळुरामांनी लेकीकडं एकदा बघितलं, कप खाली ठेवला आणि डोक्याला पंचा बांधला. ह्यांना म्हणाले, 'गुणाजीराव, बसून काय व्हनार? चला, शेत मोकळं करू!'

मिठाच्या पाट्या वाहणारी माणसं ती. भारा डोक्यावर घेतला की चालत नाहीत, पळतात! गोविंदानं शिफ्टला दांडी मारली. मेहुण्याच्या मागं पळता पळता त्याची जीभ बाहेर आली. कंपनीत बसून बसून दुसरं काय होणार! दुपारपर्यंत भारे खळ्यावर. मग बैल जुंपले. ह्यांनी गुडघ्याला फडकं बांधून नांगर धरला — हट्टच! मागून मी वाल टाकत गेले, माझ्यामागं पुतळी पायानं माती ओढत. मध्येच मी वळून म्हटलं, 'नीट झाक गो, नायतर कावळे भाऊबीज करतील.' ती अशी हसली की मलाही हसू आवरेना. माझा राग तिथंच गेला.

दिवेलागणीला शेवटची ओळ झाली. पुतळीनं कान्हूला चिखलाच्या पायांनीच ओवाळलं. गोडाधोडाचं राहून गेलं, सगळ्यांनी आमटी-भात ओरपला.

१९ नोव्हेंबर

उगवले! सगळेच्या सगळे!

गोविंदानं खोलीचा विषय काढला. पुतळी भाकरी थापत होती. तव्याकडं बघूनच म्हणाली, 'पेरलंय तर राखाया नको? गुरं सुटलीत मोकाट. बाबांनी पळायचं का त्यांच्या मागं? शेंगा निघंस्तवर मी कुठं नाय जात.'

मी आमटीत तोंड घातलं. जेवणानंतर लेक सायकल घेऊन खोलीवाल्याला नाही म्हणायला गेला. मी देवापुढं साखर ठेवली.

२९ जानेवारी १९८९

पोपटी! गोविंदाचे कंपनीतले दोस्त आले होते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर आमच्या शेंगा, मीठ, ओवा, पुन्हा पाला — पाण्याचा थेंब नाही — मग मडकं उपडं करून भोवती जाळ. रोह्यातला एकजण विचारतो, 'काकू, कुकरात नाय व्हत का?' सगळे त्याच्यावर तुटून पडले.

शेंगा खाता खाता गोविंदा दोस्तांना सांगत होता, 'फुडल्या साली वरचा तुकडा पन पेरनार हाव आमी.' आम्ही म्हणे! माझं तोंड शेंगांनी भरलं होतं म्हणून वाचला माझ्या हातून. ह्यांनी मात्र खूण करून मला गप्प राहायला सांगितलं.

१२ फेब्रुवारी

कान्हूच्या साखरपुड्याला पुतळीबरोबर तिच्या माहेरी गेले. निघताना विहीणबाई धोंडुबाईंनी परसात लावायला भोपळ्याचं बी दिलं. त्यांनी फळीवरचं मडकं उतरवलं, आत हात घातला — तो कोपरापर्यंत राख!

'पुतळीनंच भरलंय, लग्नाआधी,' म्हणाल्या. 'घरातलं समदं बी तीच राखंत घालायची. ल्हानपनापासून. तिच्या हातचं कदी किडलं नाय.'

गाडीत पुतळी शेजारीच बसली होती. 'काय झालं आय, एकट्याच कशाला हसताय?' निडी येईपर्यंत विचारत होती. मी भोपळ्याचं बी पदराच्या गाठीत घट्ट बांधलं. गोविंदाला तर कधीच सांगणार नाही.