पूल बांधणारे, बेल वाहणारे

बाडहूव्हडॉर्प, नेदरलँड्स
२६ मार्च २००६

चि. दत्ताभावोजींना वहिनीचा आशीर्वाद.

तुम्हाला एक वहिनी आहे, हे आठवतंय का? की महादेवाच्या निर्माल्याबरोबर तिलाही नदीत सोडलंत? बोलतेय मी, लिहितेय सूनबाई स्नेहल. तिनं माझ्या शिव्या गाळल्या तर मला कळायचं नाही. तुम्हीच भरून घ्या.

इकडे थंडी आहे, गुडघे आहेत, बाकी बरं. नात भार्गवी शाळेत लॅटिन शिकते, रोमच्या लोकांची जुनी भाषा. त्यांच्या थोरल्या पुजाऱ्याला म्हणायचे पोंटिफेक्स, म्हणजे मुळात पूल बांधणारा. दुसऱ्या दिवशी बोटींसाठी कालव्यावरचा पूल उघडणाऱ्या माणसाला मी हात जोडले. बिचाऱ्यानं टोपी काढली! इथल्या जुन्या लोकांना रोमवाले बातावी म्हणत. अर्थ बहुतेक चांगल्या जमिनीवाले. दारातला चिखल बघून मला हसू आवरेना.

मग पोरीनं विचारलं, "आजी, आपण कोण?"

सांगून टाकलं. गुरव. गुरूवरून आलं, असं मामंजी म्हणायचे. महादेवाला बेल वाहायचा, गावाला पत्रावळी पुरवायच्या. तिच्या बापानं, आपल्या अंबरीशनं, कॉलेजात आडनाव बदलून शिराळकर केलं आणि तेव्हापासून तुम्ही त्याच्याशी बोलत नाही, हे मात्र गिळलं. त्याला न विचारता बोलले होते. घास गोड लागेना.

शुक्रवारी पोरीनं शाळेत सगळ्यांच्या आईबापांसमोर या नावांवर भाषण केलं. सगळं डचमध्ये. मला एकच शब्द कळला: गुरव. मी मुलाच्या मानेकडे बघत राहिले. मान खाली. बाईंनी त्याला काहीतरी विचारलं. तो उठला, घसा खाकरला, आणि पुन्हा 'गुरव' ऐकू आलं. या खेपेला त्याच्या तोंडून.

स्नेहल कानाशी लागली, "आई, म्हणतायत, माझे काका अजून रोज पूजा करतात. आम्ही त्यांच्याच घरचे."

भावोजी, छातीवरचा धोंडा उतरला.

जुलैत तो येतोय. तुमच्याकडेच उतरायचं म्हणतो. फोन करायला लाजतो, म्हणून मी मध्ये. श्रावणी सोमवारी चढवा त्याला बेलाच्या झाडावर. बोलणी खुशाल द्या, पण पोटभर जेवू घातल्यावर.

आणि उखळात कुटलेली शेंगदाण्याची चटणी पाठवा. तिखट बेताचं नको. इथे सगळं बेताचंच मिळतं.

तुमची वहिनी,
केराबाई गुरव