शंकरपाळ्याचा तिसरा बाण

अण्णा, तुम्ही गेल्यानंतरही फॅक्टरीत तुमची मंजुरी येत राहिली, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. आता वयाने मी तुमच्यापुढे गेले, तरी कसं सांगावं ते नीटसं कळत नाही.

तळोज्याच्या फॅक्टरीत तुम्ही पर्सोनेल ऑफिसर आणि मी, तुमची लेक, त्याच मजल्यावर कॉम्प्युटर विभागात नुकती लागलेली. रजा, पाळीबदल, बदली यांचे अर्ज टेबलाटेबलांवर लोळत पडायचे. ते आता मशीननेच एकाकडून दुसऱ्याकडे पाठवायचे ठरलं आणि त्याचा नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं. आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर नवंकोरं होतं. माउसने चौकोन उचलायचा, हवा तिथे ठेवायचा, बाण जोडायचा. चौकोन हलवला की बाणही त्याच्यामागे सरकायचा, त्याचंच मला केवढं कौतुक! तुम्ही दारात चपला काढून आमच्या त्या गारठलेल्या खोलीत येता आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहता. निर्णयाची खूण म्हणजे एक तिरका चौकोन, त्याला तुम्ही शंकरपाळं म्हणता. त्यातून "हो"चा एक बाण निघतो, "नाही"चा एक. "आणि तिसरा कुठाय? 'विचारून ये'?" मी हसू दाबते. कुणी पाळी बदलून मागितली, की तुमचा प्रश्न ठरलेला असायचा, "घरी विचारलंस?" विचारलं नसेल तर अर्ज तसाच परत हातात. सगळी फॅक्टरी त्यावरून तुमची चेष्टा करायची, त्यात मीही. "अण्णा, मशीनला कुठलं आलंय घर?" मी म्हटलं. "अर्ज करणाऱ्याला असतं ना," तुम्ही म्हणालात. काढला मग तिसरा बाण. तुम्ही रजेवर असलात तर काम अडू नये, म्हणून संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर "हो" समजायचं, हा नियमही तुमचाच.

मग एका रविवारी सकाळी, गालावर दाढीचा साबण तसाच असताना, तुम्ही गेलात.

मॅनेजर म्हणाले, नवा माणूस येईपर्यंत आहे तसं चालू दे. मशीनच्या लेखी तुम्ही रजेवर होतात. रोज संध्याकाळी पडद्यावर ओळी उमटायच्या, तुमचं नाव आणि पुढे "हो". कुणाची रजा, कुणाची रात्रपाळी, सगळ्याला "हो". जवळच्या ओवे गावाहून येणारा तुमचा शिपाई एकदा मला म्हणाला, "ताय, साएबांनी माजी रजा पास केली. साएब नाय, ह्ये मशीनला कोन सांगनार?" तो हसत नव्हता. रोज तुमची खुर्ची पुसायचा, तिच्यावर कुणाला बसू द्यायचा नाही. एका दुपारी मी धीर करून आकृतीतला तुमचा चौकोन पुसून बघितला. चौकोन गेला, पण बाण गेले नाहीत. सगळ्या बाजूंनी येऊन ते त्या पांढऱ्या मोकळ्या जागेकडे टोक करून उभे राहिले. घाईघाईने मी चौकोन परत आणला.

घरीही धड नव्हतं. आई दिवसभर रेडिओ चालू ठेवायची, ऐकत मात्र काहीच नसायची. मला कुठेतरी पळून जायचं होतं. मी बडोद्याच्या फॅक्टरीत बदलीसाठी अर्ज टाकला. आईला सांगितलं नाही. ऑर्डर हातात आली की सांगू, असं ठरवलं. संध्याकाळी "हो" येणार हे मला ठाऊक होतं, नियम मीच तर मशीनमध्ये घातला होता. पण संध्याकाळ व्हायच्या आतच, जेवणाची सुट्टी संपता संपता उत्तर आलं. तुमचं नाव आणि पुढे "विचारून ये".

तुम्ही गेल्यापासून तो तिसरा बाण एकदाही वापरला गेला नव्हता. मी तशीच तुमच्या केबिनपाशी गेले. दाराला कुलूप होतं. काचेतून बघितलं तर मशीनचा पडदा काळा, खुर्ची टेबलाखाली सरकवलेली. मी दाराची मूठ धरली आणि लगेच सोडली, कारण ती कोमट लागली.

कंपनीच्या बसने पनवेलला उतरले, घरी आले. आई मेथी निवडत बसली होती. पर्ससुद्धा खाली न ठेवता मी विचारलं, "आई, मी बडोद्याला जाऊ?" तिने हातातली जुडी संपवली. मग म्हणाली, "नको ना जाऊस. मला या घराची भीती वाटते गं. दुपारची तर फारच. पण तुला कसं सांगणार, तू स्वतःच एवढी घाबरलेली!" तिने रेडिओ बंद केला. आम्ही दोघी तिथेच पाल्यात बसून पोटभर रडलो. दुसऱ्या दिवशी मी अर्ज मागे घेतला.

कुठलं उत्तर कुठल्या मशीनवरून आलं, याची नोंद आत राहत असे. ती काढायला मला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नसता. तुमच्या नावाने ते कुणी दयेने पाठवलं असेल, नाहीतर चेष्टेने. मी बघितलं नाही. पुढे ती मशीनं भंगारात गेली.

हे पत्र मी कपाटात कुलपात ठेवणार आहे, कारण आई अजून वाचते. शेजारपाजारच्या बायकांना ती आजही कौतुकाने सांगते, माझी लेक मला विचारल्याशिवाय कुठे गेली नाही. मला विचारायला पाठवलं होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.