तुमची जामीनकी सुटली

अप्पा, तुमची जामीनकी सुटली.

हे आधी सांगते, कारण तुम्हाला कुठलीही गोष्ट शेवटाकडून ऐकायची सवय होती. मोंढ्यातून कुणी घरी आलं की तुम्ही म्हणायचात, "भाव काय निघाला ते सांग आधी, बाकीचं मंग." तर भाव असा निघाला. गेल्या आठवड्यात आमचे मुख्याध्यापक परभणीच्या शिक्षण कार्यालयातून वालूरला परतले आणि वर्गाच्या दारातूनच म्हणाले, "बाई, पेढे काढा. तुमचं सरकारी कर्ज गेलं." नवा आदेश आला आहे. खाजगी शाळेत शिकवलेली वर्षंही आता सेवेत धरायची. ती धरली की माझ्याकडे काही बाकी राहत नाही. मी विचारलं, "आणि जामीनदार?" ते म्हणाले, "कर्जच न्हाई तं जामीनदार कशाचा?" मी म्हणाले, जामीनदार वारले आहेत. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मंग तं कवाच सुटले. मेलेला माणूस काय अडकून राहतो का बाई?" मनात म्हटलं, आपल्या घरात राहिला होता.

मी बारावीला जिल्ह्यात वर आले तेव्हाची गोष्ट तुम्हाला सांगायला नको, पण मला स्वतःला ती एकदा सरळ लावायची आहे. शाळेतून निरोप आला की सरकार मला कॉलेजसाठी शिष्यवृत्ती देणार. आईने तो निरोप पुरता ऐकला नाही. तिने परातीत गूळ-खोबरं घेतलं आणि गल्लीभर वाटून आली. "पोरीला वजीफा लागला." तुमच्या पिढीला वजीफा म्हणजे निजामाच्या काळातला वजीफा, दिला तो दिला. दुसऱ्या दिवशी कळलं की ही कर्ज-शिष्यवृत्ती आहे. शिकायला पैसे मिळतील, नोकरी लागली की परत करायचे, आणि बापाने किंवा दुसऱ्या कुणी जामीन राहून बंधपत्रावर सही करायची. तुम्ही ओसरीवर बसून ऐकत होता. आई म्हणाली, "आता गूळ कसा परत मागू?" तुम्ही हसला नाहीत. मी तुमच्याकडे पाहत होते. तुमचा हात गळ्यातल्या लिंगाच्या डबीवर गेला होता आणि मला समजलं की कॉलेज संपलं.

तुमच्या चुलतभावाने तेलघाणीसाठी कर्ज काढलं होतं. तुम्ही जामीन राहिला होता. तो बायकामुलांसकट हैदराबादला निघून गेला आणि तुम्ही ते फेडलंत. आईच्या पाटल्या त्यात गेल्या. फेडून झाल्यावर तुम्ही लिंग तळहातावर घेऊन बोललात की इथून पुढे परक्यासाठी जामीन राहणार नाही. हे मी लहान असतानाचं, मला आठवत नाही, पण मानवतच्या मोंढ्यात हे सगळ्यांना माहीत होतं. अडत दुकानात तुमची किंमत त्या शपथेमुळे कमी झाली नव्हती, वाढली होती. माणूस जामीन राहत नाही, पण राहिलेलं फेडतो.

त्या दिवसांतली एक दुपार: मी दुकानात जेवणाचा डबा घेऊन आले आहे. ज्वारीची पोती एका बाजूला, तुम्ही गादीवर, आणि समोर शेजारच्या दुकानाचे मालक, जे तुमचे जुने मित्र आणि तितकेच जुने टीकाकार. त्यांनी विषय काढलेला आहे. "लेकीसाठी करा की सही. लेक काय परकी हाय?" तुम्ही डबा पुढे ओढता. मग तेच उलटे फिरतात. "पण तसं पाहिलं तं लेक म्हंजे परक्याचंच धन. उद्या सेलूला दिली, तं जामीनकी सेलूवाल्याची झाली. शपथ मोडली म्हणायची." दुकानातले हमालसुद्धा थांबून ऐकायला लागतात. तुम्ही डबा उघडता, भाकरी मोडता आणि म्हणता, "तुमी एकदाचं ठरवा. परकी का घरची?" ते म्हणतात, "लगीन होईस्तोवर घरची." "मंग पोरगी कर्ज घ्यायलीय कधी? लग्नाआधी का नंतर?" हमाल हसतात. मी पाण्याचा तांब्या ठेवून निघून येते, कारण मला वाटतं की हे फक्त बोलणं आहे, घरी आल्यावर तुम्ही सही करणार नाही.

तुम्ही मठातही गेला होता. स्वामींनी काय सांगितलं ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. आईने विचारलं तर म्हणालात, "ते म्हणले, शपथ तुपली, तूच बघ." एवढंच.

त्याच पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावावरून मराठवाडा पेटला. एसट्या बंद पडल्या, परभणीची कचेरी बंद झाली. बारावीला माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण, जी मला गणित सांगायची आणि मी तिला व्याकरण, तिच्या गावातल्या वस्तीतली घरं जाळली. तिची शिष्यवृत्ती वेगळी होती, मागासवर्गीयांची, परत न करायची. तिला जामीनदार लागणार नव्हता. तिला घर लागणार होतं. कागद घराबरोबर गेले, ती मामाकडे गेली आणि त्या वर्षी कॉलेजात आली नाही. मी हे तुम्हाला चुलीपाशी सांगितलं. तुम्ही जेवत होता. तुम्ही ताट बाजूला सारलंत. मग म्हणालात, "त्या पोरीच्या आड गाव आलं. तुपल्या आड मपली एक शपथ हाय. उद्या तहसीलला चल."

तहसीलच्या आवारात कडुनिंबाखाली मुद्रांकवाला बसलेला. त्याने बंधपत्र लिहिलं, मी सही केली, मग तुम्ही. तुम्ही उर्दू शाळेत शिकलेले, उजवीकडून डावीकडे सही केलीत. आतला कारकून कागद उलटासुलटा करत म्हणाला, "हे काय हाय? मराठीत करा." तुम्ही म्हणालात, "साहेब, जामीन मी राहायलोय. मपल्या हातानं जशी येते तशीच करणार. खोटी सही कशाला करू?" तो म्हणाला, "वाचणार कोण?" तुम्ही म्हणालात, "पैसे बुडवले तं वाचणारा सापडंल तुमाला." त्याने शिक्का मारला. बाहेर आल्यावर तुम्ही डबी कपाळाला लावलीत आणि मला उसाचा रस पाजलात. स्वतः घेतला नाहीत. मी विचारलं, शपथ मोडली का? तुम्ही म्हणालात, "न्हाई. परक्यासाठी राहणार न्हाई म्हणलो होतो." इतकं सोपं उत्तर द्यायला तुम्हाला महिना लागला होता. मला ते उत्तर आजपर्यंत पुरलं आहे.

या कर्जात एक कलम होतं ते तुम्हाला फार आवडायचं. शिक्षकाची नोकरी केली तर दर वर्षाला कर्जाचा एक हिस्सा माफ. तुम्ही दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात, "शिकायचं सरकारच्या पैशानं आन् फेडायचं शिकवून. असा सौदा मी मोंढ्यात बघितला न्हाई." मला पुढे साहित्यात एम. ए. करायचं होतं. ते मी नंतर बाहेरून केलं. आधी शाळेत लागले. लोकांना वाटतं मी कलमापायी शिक्षिका झाले. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे तुमच्या नावावरचं ओझं दर वर्षी थोडं उतरतंय हे मला आवडायचं. पण मला लागलेली पहिली शाळा खाजगी निघाली, अनुदान नसलेली. एका वर्षी कचेरीने कळवलं की ती वर्षं धरायची नाहीत. पुढे आलं की धरायची, पण दाखला हवा. दाखला दिला तर म्हणाले नियम बदलला. मी जिल्हा परिषदेत लागले तेव्हा मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तुमचा तोल सांभाळलेला काटा बघत मी मोठी झाले होते. हा काटा कुणाच्या हातात आहे तेच कळत नव्हतं.

सेलूहून मला बघायला आले होते ते आठवतं का? आईने बजावलं होतं, कर्जाचं आधी काढू नका. मुलाच्या वडिलांच्या तोंडात पोह्यांचा घास आणि तुम्ही सांगितलंत, "एक सांगून ठेवतो. पोरीवर सरकारचं देणं हाय. जामीन मी हाय." घास तसाच थांबला. त्यांनी पाणी मागितलं. ते पुन्हा आले नाहीत. आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही आणि तुम्ही मला म्हणालात, "माल दाखवताना वरचे दाणे चांगले ठिवायचे, ते आपल्याला जमत न्हाई." मी रागावले होते, पण माल म्हटल्याबद्दल. त्यांच्या जाण्याचा मला आनंद झाला होता. पुढे ज्यांच्याशी लग्न झालं त्यांना मी हे स्वतःच पहिल्या भेटीत सांगितलं. ते म्हणाले, "माझ्यावर सोसायटीचं देणं आहे. बसा."

तुम्ही अचानक गेलात. दुकानातून आलात, हात धुतले, विभूती लावली आणि भिंतीला टेकलात. लिंगायतांच्या रुद्रभूमीत, समाधीच्या खड्ड्यात तुम्हाला बसवलं, डाव्या तळहातावर लिंग ठेवलं, बेलाची पानं घातली. माती लोटायच्या आधी मोंढ्यातल्या रीतीप्रमाणे शेजारच्या दुकानाचे तेच मित्र पुढे झाले आणि मोठ्याने म्हणाले, "यांच्याकडं कुणाचं काही येणं असंल तं त्यानं आता बोलावं." कुणी बोललं नाही. मग बायकांमधून आई बोलली. "सरकारचं हाय." सगळे वळले. मित्र हळूच म्हणाले, "वहिनी, ते फिटंल. सरकार थोडंच इथं आलंय." आई म्हणाली, "तेच म्हणायले. आलं न्हाई, तं सोडणार कोण?" माती लोटली गेली. पण आईने समाधीवर दगड बसवू दिला नाही. "जामीन असलेल्या माणसावर दगड ठिवू नका. सुटल्यावर बसवू." तुम्ही जाऊन दहा वर्षं होत आली. शेजारपाजारच्या समाध्यांवर दगड आहेत, लिंग कोरलेले. तुमच्यावर दर पावसाळ्यात गवत वाढतं आणि आई ते उपटून येते.

म्हणून मुख्याध्यापकांनी सांगितल्यावर मी सुटी टाकून मानवतला आले. आईला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सरकारनं तोंडानं सांगितलं का?" मी म्हणाले, आदेश आहे. "आदेश माणसाला ऐकू येत न्हाई. ज्याचं देणं त्यानं तिथं येऊन बोलावं." मी तिला समजावलं. ती जोंधळे निवडत राहिली. शेवटी मी वालूरला परतून मुख्याध्यापकांना आईची अट सांगितली. वाटलं होतं हसतील. ते थोडे लाजले आणि म्हणाले, "बाई, मी म्हंजे सरकार न्हाई." मग म्हणाले, "पण पगार तं सरकारचाच खायलोय."

आज सोमवारी ते वालूरहून आले. इस्त्रीचा शर्ट घालून, पावडर लावून, जणू तपासणीला आले आहेत. रुद्रभूमीत आम्ही तिघं, गवंडी आणि तुमचे मित्र, जे आता काठीशिवाय चालत नाहीत. मुख्याध्यापकांनी चपला काढल्या. आधी खाकरले. मग त्या मातीच्या ढिगाकडे पाहून प्रार्थनेच्या वेळी बोलतात तशा आवाजात म्हणाले, "सरकारचं यांच्याकडं काही येणं नाही. हे सुटले." तुमचे मित्र काठी टेकवून तुम्हाला म्हणाले, "दादा, ऐकलं का? आता परकी का घरची ते तिकडं सांगा." आई रडेल असं मला वाटलं होतं. ती गवंड्याला म्हणाली, "बसव बाबा, ऊन व्हायलंय." दगड बसला. परत येताना ती माझ्या पुढे चालत होती. तिची चाल मी इतकी हलकी पाहिली नव्हती. घरी येऊन तिने परातीत गूळ-खोबरं घेतलं आणि गल्लीत गेली. त्या गल्लीत तेव्हाचं आता कुणी फारसं राहिलेलं नाही, तरी ती वाटून आली. म्हणाली, "आता खरा वजीफा लागला."

याच महिन्यात विद्यापीठाचं नावही बदललं. मला माझी बाकावरची मैत्रीण आठवली. ती आता नांदेडला आहे, तिची मुलगी त्या नव्या नावाच्या कागदावर पदवी घेईल. तिचं घर त्याने परत आलं नाही हे मला कळतं. म्हणून मी तिला अजून काही लिहिलेलं नाही.

हे पत्र मी सकाळी अर्धं लिहून पर्समध्ये घेतलं होतं. दगड बसवण्याआधी गवंड्याने विचारलं, "आत काही ठिवायचं का?" आईने विभूती आणि बेल ठेवला. मी पर्स उघडली आणि पुन्हा बंद केली. आता उरलेलं लिहून मी ते इथेच ट्रंकेत ठेवणार आहे. कारण एक गोष्ट आईला सांगितलेली नाही, मुख्याध्यापकांना तर नाहीच. ते बंधपत्र रद्द झालं म्हणाले तेव्हा सगळ्यांसारखं मलाही सुटल्यासारखं वाटलं, आणि त्यातच किंचित वाईट वाटलं. इतकी वर्षं परभणीच्या कुठल्यातरी कपाटात माझी डावीकडून सुरू होणारी सही आणि तुमची उजवीकडून येणारी सही एका ओळीत समोरासमोर होत्या. तुम्ही गेल्यावरही त्या कागदावर तुम्ही माझ्यासाठी जबाबदार होता. आता मी एकटीच माझी जामीन आहे.