झाडून काढलेलं शेत

तीर्थरूप बाबांना नमस्कार,

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. फक्त डोकं सणकलंय.

इथल्या शेतकरी बायकांना मी वर्षभर एकच शिकवलं: पिकाखाली पाचोळा जाड अंथरा, म्हणजे धो धो पावसातही माती हलत नाही. सगळ्यांत जास्त मन लावून ऐकलं ते एका मावशींनी. त्यांचं उतारावरचं शेत बघायला साहेब येणार होते. आदल्या दिवशी आमचे मुख्य प्रशिक्षक म्हणाले, "केवढा हा कचरा! फोटोत कसं दिसेल? झाडून काढा." आणि हे म्हणे शिकवणारे!

साहेब फोटो काढून गेले. तिसऱ्या दिवशी ढगफुटी झाली. शेजारणीचं पाचोळ्याखालचं शेत शाबूत राहिलं, मावशींची माती नाल्यात गेली. वर हा शहाणा प्रशिक्षक अहवालात लिहितो, "महिलेने सूचना पाळल्या नाहीत." मी सही केली नाही. नोकरी गेली तर जाऊ दे. आईला एवढ्यात सांगू नका.

तिचा गुडघा कसा आहे? तुम्ही बांधावरचा पाला अजून पेटवता का?

मावशी मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, बाबा. त्या दिवशी दुसरा झाडू माझ्याच हातात होता.

तुमची,
धाकटी